चिलटाच्या अंडाशयात कोणतं जनुक कोणत्या पेशीत चालू आहे, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. हाताशी साधं फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शक आहे, कॉन्फोकलसाठी (लेझरने एकेक थर टिपणारं सूक्ष्मदर्शक) दुसऱ्या शहरात वेळ घ्यावी लागते आणि मे महिन्यात खोलीचं तापमान चाळीसच्या वर जातं, असं धरून लिहिलं आहे.

फळमाशी म्हणजे केसर आंब्यात अळ्या करणारी तीच का?

नाही. बागायतदार जिला फळमाशी म्हणतात, जिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात, ती बॅक्ट्रोसेरा. तिचं कुळच वेगळं. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट. प्रकल्पाच्या शीर्षकात नुसतं ‘फळमाशी’ लिहिलं की कृषी विद्यापीठाकडचा परीक्षक हमखास कीडनियंत्रणाबद्दल विचारतो. शीर्षकात ड्रोसोफिला लिहा.

या कामाला अंडाशयच का निवडतात?

कारण स्टेम सेलपासून (विभागून नव्या पेशी देणाऱ्या मूळ पेशीपासून) पूर्ण अंड्यापर्यंतचा सगळा प्रवास एकाच नळीत, ओळीने मांडलेला मिळतो. मादीला दोन अंडाशय, प्रत्येकात साधारण १६ ते २० अंडनलिका. नळीच्या टोकाला जर्मेरियम हा सुरुवातीचा भाग, तिथे २-३ जर्मलाइन (अंडं घडवणाऱ्या वंशाच्या) स्टेम सेल्स. त्यांच्यातून निघालेली पेशी चार वेळा विभागते, पण विभाजन पूर्ण तुटत नाही, म्हणून १६ पेशी एकमेकींना वलयाकार पुलांनी जोडलेल्या राहतात. त्यातली एक अंडपेशी होते, उरलेल्या १५ पोषक पेशी. बाहेरून फॉलिकल पेशींचं एकपदरी आवरण. या सगळ्याला मिळून अंडकक्ष म्हणतात.

आवरणातल्या पेशी दिसायला सारख्या, पण कामं वेगळी. दोन्ही टोकांना पोलर पेशींची एकेक जोडी, दोन कक्षांना जोडणाऱ्या देठासारख्या स्टॉक पेशी, नवव्या टप्प्यावर पोषक पेशींमधून वाट काढत अंडपेशीकडे सरकणारा ६ ते ८ बॉर्डर पेशींचा पुंजका, पोषक पेशींवर ताणून बसलेल्या सुमारे ५० स्ट्रेच पेशी, १०बी टप्प्यावर आत वळणाऱ्या सेंट्रिपेटल पेशी आणि अंडपेशीवरच्या मुख्य स्तंभाकार पेशी. ‘माझं जनुक फॉलिकल पेशींत आहे’ हे उत्तर म्हणूनच अर्धवट. कोणत्या फॉलिकल पेशींत आणि कोणत्या टप्प्यावर, ते सांगावं लागतं.

टप्पे १४ आहेत. नवख्याने ते ओळखायचे कसे?

आधी हेच शिका, अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारं प्रथिन) नंतर. दोन आठवडे फक्त डॅपी (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) लावलेल्या स्लाइड बघा. बहुतेक चुकीचे निष्कर्ष टप्पा चुकल्यामुळे निघतात, रंगकामामुळे नव्हे.

टप्पा २ ते ६ पर्यंत कक्ष गोल असतो. चौथ्याच्या आसपास पोषक पेशींच्या केंद्रकात डीएनए ढेकळांसारखा दिसतो, पुढे ती ढेकळं विरघळून केंद्रक एकसारखं होतं. सातव्याला कक्ष लांबट. आठव्याला अंडपेशीत पिवळं बलक दिसायला लागतं. हे साध्या प्रकाशातही दाणेदार, गडद दिसतं, म्हणून सगळ्यात भरवशाची खूण. नवव्याला अंडपेशी कक्षाचा साधारण तिसरा हिस्सा व्यापते आणि फॉलिकल पेशी मागे सरकायला लागतात. १०एला अंडपेशी बरोबर अर्धी. १०बीला सेंट्रिपेटल पेशी पोषक पेशी आणि अंडपेशीच्या फटीतून आत शिरतात. अकराव्याला पोषक पेशी आपला माल अंडपेशीत ओततात. चौदाव्याला वरचे दोन शेपटासारखे उपांग पूर्ण.

अकरावा टप्पा स्लाइडवर सापडत नाही, अशी तक्रार नेहमीची. तो अर्ध्या तासाच्या आत उरकतो. दहा माद्यांमध्ये दोन-तीन मिळाले तरी खूप.

माश्यांची तयारी कशी करायची?

खाद्य आधी. एक लिटरला मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४०, डेक्स्ट्रोज २०, यीस्ट १५, अगर ८ ग्रॅम. उन्हाळ्यात अगर १० करा, नाहीतर खाद्य कडेने सुटतं. शिजून ६० अंशांखाली आलं की प्रोपिऑनिक आम्ल ४ मिली आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ ग्रॅम निपाजिन घाला. गरम असताना घातलं तर बरंचसं वाफेबरोबर जातं आणि चौथ्या दिवशी बुरशी येते.

कोषातून बाहेर पडून १-२ दिवस झालेल्या १० ते १५ माद्या, सोबत ५-६ नर, ताज्या बाटलीत. कडेला यीस्टची पेस्ट: कोरडं बेकरी यीस्ट पाण्यात श्रीखंडाइतकं घट्ट कालवलेलं. २५ अंशांवर दोन ते तीन दिवस, पेस्ट रोज नवी. पातळ झाली तर माश्या चिकटून मरतात. प्रथिनं कमी पडली की आठव्या टप्प्याच्या आसपासचे कक्ष मरतात. डॅपीत पोषक पेशींची केंद्रकं घट्ट गोळे होऊन फुटलेली दिसतात. नर नसतील तर पक्व अंडी साठून राहतात आणि मधले टप्पे कमी मिळतात.

कूलरसमोर बाटल्या ठेवू नका. ओल वाढते, भिंतीला पाणी सुटतं, माइट्स येतात.

तापमानाचा एवढा बाऊ का?

कारण या क्षेत्रातली निम्मी साधनं तापमानावरच चालतात.

गाल-४, म्हणजे यूएएस या डीएनए तुकड्यावर बसून त्याला जोडलेलं जनुक चालू करणारं प्रथिन, १८ अंशांवर मंद आणि २९ अंशांवर जोरात काम करतं. गाल-४ला अडवणारं, पण गरम झालं की निकामी होणारं गाल-८० टीएस वापरलं तर १८ला बंद, २९ला चालू, असं बटणच मिळतं. पण दुपारी लाईट गेली आणि १८चं इनक्युबेटर दोन तासांत ३१वर गेलं, तर ते बटण कुणी दाबलं हे वहीत नसतं. संध्याकाळी ‘कंट्रोलमध्येही जीएफपी’ (हिरवं चमकणारं प्रथिन) दिसतं आणि लोक माश्यांच्या स्टॉकला (पाळलेल्या वाणाला) दोष देतात.

त्याहून वाईट गोष्ट हीट शॉक फ्लिपेजची, म्हणजे उष्णतेने चालू होऊन डीएनएची अदलाबदल करणाऱ्या एन्झाइमची. क्लोन (जनुक बदललेल्या पेशींचे गट) तयार करायला आपण बाटली ३७ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतो. मे महिन्यात लातूर-बीडकडे टेबलावर विसरलेली बाटली तेवढी सहज तापते. न मागितलेले क्लोन तयार होतात. ३० अंशांच्या वर काही दिवस राहिलेले नर वांझ होतात, तो आणखी वेगळा घोळ.

उपाय स्वस्त आहे: इनक्युबेटरच्या आत किमान-कमाल नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर. रोज सकाळी आकडा लिहा. २५ अंशांच्या इनक्युबेटरचं कमाल २७च्या वर गेलं असेल तर त्या बाटल्यांचा प्रयोग बाद. माश्या पुण्याहून बसने आणायच्या असतील तर रात्रीचा प्रवास आणि थर्मोकोलचा डबा.

अंडाशय काढण्यापासून स्लाइडपर्यंतची रीत सांगा.

मादी बेशुद्ध करून पीबीएसच्या (फॉस्फेट असलेल्या खाऱ्या द्रावणाच्या) थेंबात घ्या. एका चिमट्याने धड धरा, दुसऱ्या ५ नंबरच्या चिमट्याने पोटाचं शेवटचं टोक पकडून हळू ओढा. अंडाशय केळीच्या दोन फण्यांसारखे पांढरट बाहेर येतात. आतडं आणि पिवळट चरबी बाजूला काढा. चरबी का काढायची, ते पुढे येईल.

फिक्सिंग: ताजं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, २० मिनिटं, हलवत. मग पीबीएसमध्ये ०.३ टक्के ट्रायटन (अँटिबॉडीला पेशीत वाट करून देणारा साबण), तीन धुण्या, प्रत्येकी १० मिनिटं. अंडनलिकांवरचं स्नायूंचं आवरण सोडवण्यासाठी टोकाकडून सुईने कंगवा फिरवल्यासारखं करा. इन्सुलिन सिरिंजची सुई चालते. हे झालं नाही तर मधल्या नळ्यांपर्यंत अँटिबॉडी पोचतच नाही. बाहेरची ओळ चमकते, आतली काळी राहते, आणि ते ‘मोझेक एक्स्प्रेशन’ (जनुक काही पेशींत चालू, काहींत बंद) म्हणून लिहिलं जातं.

ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलत्या जागी चिकटू नये म्हणून) १ टक्का बीएसए हे प्रथिन, एक तास. पहिली अँटिबॉडी ४ अंशांवर रात्रभर, धुण्या, दुसरी (पहिलीला चिकटणारी, चमकणारी) २ तास अंधारात, धुण्या, डॅपी १ मायक्रोग्रॅम प्रति मिली १० मिनिटं. ग्लिसरॉल असलेल्या माउंटिंग द्रवात बसवताना अंडनलिका एकेक वेगळ्या करा आणि पक्की अंडी काढून टाका. ती जाड असल्यामुळे कव्हरस्लिप वर उचलली जाते आणि जर्मेरियम फोकसमध्ये येत नाही.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. अंडाशय पिपेटच्या टिपेला चिकटून धुण्यात जातात: टीप आधी बीएसएच्या द्रावणातून फिरवून घ्या. आणि पीबीएस गढूळ होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर साका धरतं, आणि स्लाइडवर बारीक चमकते ठिपके दिसतात. पीबीएसला डिस्टिल्ड पाणीच. खाद्याला आरओचं चालेल.

कोणत्या पेशीसाठी कोणती खूण धरायची?

खूण म्हणजे ठरावीक पेशींतच असणारं प्रथिन. जर्मलाइनची खूण वासा. हा सर्व टप्प्यांत असतो. सुरुवातीच्या विभागणाऱ्या पेशींत बॅम, पण फक्त विभागणीच्या काळात. स्टेम सेलमध्ये ते बंद असतं. एचटीएसविरुद्धची १बी१ अँटिबॉडी स्टेम सेलमध्ये एकच गोल ठिपका आणि पुढच्या पुटीत (जोडलेल्या पेशींच्या गटात) फांद्यांसारखी फ्यूजोम ही पेशींना जोडणारी रचना दाखवते, म्हणून ती जर्मेरियम वाचायची किल्ली. १६ पेशींतली अंडपेशी कोणती हे ऑर्ब सांगतं. जर्मेरियमच्या अगदी टोकाच्या टर्मिनल फिलामेंट आणि कॅप पेशींसाठी लॅमिन-सी.

कायिक (जर्मलाइन नसलेल्या) पेशींसाठी ट्रॅफिक जॅम नावाचं प्रथिन. फॅसिक्लिन-३ सुरुवातीच्या सगळ्या फॉलिकल पेशींत दिसतं, पुढे पोलर पेशींपुरतं उरतं. कट सहाव्या टप्प्यापर्यंत, हाइंडसाइट सातव्यापासून: नॉच संकेत आल्यावर फॉलिकल पेशी विभागणं थांबवून डीएनए नुसता दुप्पट करत जातात, तिथली ही अदलाबदल. १०बीला चित्र पुन्हा उलटतं. बॉर्डर पेशींसाठी ‘स्लो बॉर्डर सेल्स’, म्हणजे एसएलबीओ. स्ट्रेच पेशींच्या केंद्रकात दहाव्या टप्प्याला आइज अ‍ॅबसेंट ठळक.

एका खुणेवर पेशीचं नाव ठेवू नका. एक असणारी आणि एक नसणारी अशा दोन खुणा, शिवाय जागा, हे तिन्ही जुळलं तरच.

अंडपेशीत एमआरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) दिसला. म्हणजे जनुक तिथे चालू आहे ना?

बहुधा नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. अंडपेशीचं केंद्रक बराच काळ जवळजवळ शांत असतं, त्यातला डीएनए एका गोळ्यात आवळलेला. माल तयार होतो पोषक पेशींत आणि पुलांवरून अंडपेशीत येतो. ऑस्कर या जनुकाचा एमआरएनए मागच्या टोकाला, बायकॉइडचा पुढच्या टोकाला दिसतो, पण दोन्ही बनतात पोषक पेशींच्या केंद्रकात. ‘कुठे साठलं’ आणि ‘कुठे बनलं’ हे वेगळे प्रश्न आहेत.

बनण्याची जागा हवी असेल तर इंट्रॉनवर (एमआरएनए पक्का होताना कापून टाकला जाणारा भाग) प्रोब (त्याला जुळणारा, खूण लावलेला तुकडा) करा. नुकताच तयार होणारा आरएनए केंद्रकात ठिपक्यांसारखा दिसतो.

एमआरएनए आणि प्रथिन यांचंही तसंच. ऑस्करचा एमआरएनए मागे पोचेपर्यंत ब्रुनो नावाचं प्रथिन त्याचं भाषांतर (त्यावरून प्रथिन बनणं) दाबून धरतं. त्यामुळे इन-सिटू (प्रोबने एमआरएनए जागेवरच दाखवण्याची पद्धत) पॉझिटिव्ह आणि अँटिबॉडी निगेटिव्ह हा विरोधाभास नसून जीवशास्त्र असू शकतं.

इन-सिटूमध्ये अकराव्या टप्प्यानंतर काहीच रंग येत नाही.

व्हायटेलिन आवरण आणि मग कवच तयार झालं की प्रोब आणि अँटिबॉडी आत जात नाहीत. तो रिकामा निकाल ‘जनुक बंद’ असा वाचू नका. प्रोटिनेज-के (५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, काही मिनिटं) थोडी मदत करतं, पण मिनिटभर जास्त झालं की लहान कक्ष विरघळतात. मोजके उशिराचे कक्ष हवे असतील तर कवच हाताने सोलणं बरं.

एकेक रेणू मोजायचा असेल तर २० न्यूक्लिओटाइडचे सुमारे ४८ लहान प्रोब एका एमआरएनएवर बसवतात. जनुक लहान असेल तर तेवढे बसतच नाहीत. मग संकेत वाढवणारी साखळी पद्धत घ्या. आरएनएजच्या (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमच्या) भीतीने हातमोजे घालून दाराच्या कडीला हात लावणारे रोज दिसतात.

कॉन्फोकल नाही. मग काय, प्रकल्प सोडायचा?

अजिबात नाही. एन्हान्सर ट्रॅप ओळी वापरा: जनुकाजवळ लॅकझेड (एक्स-गॅल या रसायनाला निळं करणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइमचं जनुक) घुसवलेल्या माश्या. ही पद्धत १९८७ची आहे आणि अजूनही साध्या सूक्ष्मदर्शकावर सुंदर चालते. अंडाशय ०.५ ते १ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये १० मिनिटं, धुणं, मग एक्स-गॅल ०.२ टक्के आणि पोटॅशियम फेरी व फेरोसायनाइड प्रत्येकी ५ मिलीमोलर असलेल्या द्रावणात ३७ अंशांवर. निळा रंग अर्ध्या तासापासून रात्रभरात कधीही येतो, म्हणून दर अर्ध्या तासाने बघा. बॉर्डर पेशींचा निळा ठिपका पोषक पेशींच्या मधोमध लटकलेला दिसला की ओळखायला दुसरं काही लागत नाही.

फिक्सिंग लांबलं तर एन्झाइम मरतो. रंग फार वेळ ठेवला तर शेजारच्या पेशीही निळसर होतात. आतड्यात चिलटाचं स्वतःचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं, ते निळं झालं म्हणून हुरळू नका. लॅकझेड नसलेल्या माश्या प्रत्येक वेळी सोबत लागतात.

गाल-४ ड्रायव्हर (ठरावीक पेशींत गाल-४ बनवणारी ओळ) कसा निवडायचा? जर्मलाइनमध्ये काहीच चमकत नाही.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: तुमची ओळ यूएएसटी (यूएएसचा एक प्रकार) असेल. ती जर्मलाइनमध्ये नीट चालत नाही. १९९८मध्ये यूएएसपी त्यासाठीच बनवलं गेलं. नॅनॉस-गाल-४-व्हीपी१६ सोबत यूएएसपी घ्या.

कायिक पेशींत ट्रॅफिक जॅम-गाल-४ सगळीकडे, सी५८७ जर्मेरियममधल्या एस्कॉर्ट पेशी आणि सुरुवातीच्या फॉलिकल पेशींत, सीवाय२ आठव्या टप्प्याच्या आसपासपासून, एसएलबीओ-गाल-४ बॉर्डर पेशींत, यूपीडी-गाल-४ पोलर पेशींत. पण ड्रायव्हरचं नाव म्हणजे हमीपत्र नव्हे. एसएलबीओ-गाल-४ इतर फॉलिकल पेशींतही उजळतं. जीएफपी लावून तुमच्या खोलीत, तुमच्या तापमानाला त्याचा नकाशा स्वतः काढा.

जीएफपी टिकाऊ असतं. सहाव्या टप्प्याला बंद झालेल्या जनुकाचं जीएफपी आठव्यातही चमकतं. कधी बंद झालं हे विचारायचं असेल तर एमआरएनए बघा.

सगळ्या अंडाशयाचा आरएनए काढून क्यूपीसीआर (एका जनुकाच्या आरएनएचं प्रमाण मोजणं) केलं तर?

पेशीनिहाय उत्तर मिळणार नाही. पोषक पेशींचा डीएनए शेकडो पट वाढलेला असतो, आरएनएही त्या प्रमाणात. सहा बॉर्डर पेशींचा आवाज त्यात ऐकूच येत नाही. शिवाय उपाशी माश्यांत उशिराचे कक्ष कमी असतात, म्हणून खाद्य बदललं तरी ‘जनुक कमी झालं’ असं दिसतं.

आणि चरबी. योक प्रोटीनची जनुकं ८ ते १० टप्प्यांच्या फॉलिकल पेशींत चालतात, तशीच चरबीच्या पेशींतही. अंडाशयाला चिकटलेला चरबीचा तुकडा निकाल उलटा करू शकतो.

मग सिंगल-सेल सिक्वेन्सिंगच (एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचणं) करावं का?

पहिल्या वर्षी नको, असं स्पष्ट मत. आधी फ्लायबेस या चिलटाच्या जनुकांच्या संकेतस्थळावर जनुकाचं पान वाचा, मग २०२२चा फ्लाय सेल अ‍ॅटलस आणि २०२०पासूनचे अंडाशयाचे सिंगल-सेल संच उघडा. सगळं मोफत, फक्त इंटरनेट लागतं. पाच-दहा उमेदवार जनुकं तिथून निवडून इन-सिटूने तपासणं हाच नांदेड-संभाजीनगरच्या विभागाला परवडणारा आणि छापता येणारा प्रकल्प आहे.

स्वतः करणारच असाल तर अडचणी आधी माहीत असू द्या. ट्रिप्सिन किंवा कोलॅजिनेजने पेशी सुट्या करून ४० मायक्रोमीटर जाळीतून गाळतात. मोठ्या पोषक पेशी आणि अंडपेशी जाळीवरच अडतात किंवा फुटतात. फुटलेल्यांचा आरएनए द्रवात तरंगतो आणि फॉलिकल पेशी ज्यांत एकेक बंद करतात त्या थेंबांतही शिरतो, मग फॉलिकल पेशीत ‘ऑस्कर सापडला’ असं वाटतं. रिकाम्या थेंबांवरून ही पार्श्वभूमी वजा करावी लागते. विरघळवण्याला वेळ लागला आणि खोली गरम असली की हीट शॉक जनुकं वर येतात. उशिराच्या फॉलिकल पेशींत कवचाची जनुकं इतकी जोरात असतात (तिसऱ्या गुणसूत्रावरचा गट ६० ते ८० पट वाढवलेला) की बाकीचं झाकोळतं.

दुर्मीळ पेशींचा हिशेब कागदावर करा. एका कक्षात साडेसहाशेहून अधिक फॉलिकल पेशी, त्यात बॉर्डर ६ ते ८, आणि प्रत्येक नळीत नवव्या टप्प्याचा कक्ष फार तर एक. दोन हजार पेशींच्या नमुन्यात बॉर्डर पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या हव्या असतील तर जीएफपीने वेगळ्या करूनच पाठवा. केंद्रकं वेगळी काढली तर मोठ्या पोषक पेशींची अडचण कमी होते, पण केंद्रकाबाहेरचा एमआरएनए सुटतो.

यूमॅपवर (पेशींचं साधर्म्य ठिपक्यांनी दाखवणाऱ्या आलेखावर) दोन ठिपक्यांतलं अंतर म्हणजे वेळ नव्हे. आणि संगणकाने पाडलेल्या गटांत स्नायू, अंडवाहिनी, रक्तपेशी असतात. त्यांना आधी नाव द्या, नाहीतर ‘नवीन फॉलिकल पेशी’ सापडल्याचा आनंद टिकत नाही.

माश्या आणि अँटिबॉडी कुठून मिळतात?

बंगळूरची फ्लाय फॅसिलिटी, पुण्या-मुंबईतले ड्रोसोफिला गट, आणि अमेरिकेतलं ब्लूमिंग्टन केंद्र. देशात मिळत असेल तर देशातूनच घ्या. परवान्यात महिने जातात. अँटिबॉडी आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेतून स्वस्तात येतात. प्रवासात बर्फ वितळला असेल तर कुपी उघडण्याआधी दिनांक लिहा आणि जुन्या, माहीत असलेल्या नमुन्यावर आधी तपासा.

निकाल छापायला नमुने किती लागतात?

निदान तीन वेगळ्या दिवशी काढलेले अंडाशय, प्रत्येक टप्प्याचे १० ते १५ कक्ष, आणि किती कक्षांपैकी कितींत दिसलं तो आकडा. एक सुंदर चित्र पुरावा नसतो. लेझर आणि एक्स्पोजर कंट्रोलसाठीही तेच ठेवा, नंतर ब्राइटनेस वाढवू नका.

रात्री लाईट गेली तर आधी काय वाचवायचं?

उणे २०चा फ्रीझर उघडू नका, बंद राहिला तर काही तास टिकतो. ४ अंशांवर चालू असलेली पहिली अँटिबॉडी बर्फाच्या डब्यात हलवा. १८ अंशांच्या गाल-८० बाटल्यांवर वेळ आणि तापमान पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलने पुसली जाते. २५ अंशांचे मूळ स्टॉक दोन ठिकाणी असतील तर झोपायला हरकत नाही.